शिक्षा रोगाला नको, बेपर्वाईला हवी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सप्टेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे असे सचिवांनी सुचवले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी होती की मी मुदत ठेवी, नामनिर्देशन किंवा मृत्युपत्र यांवर बोलेन. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण मी विषय घेतला सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांचा आणि ते मोडल्यास होणाऱ्या फौजदारी शिक्षेचा. "अहो, सणासुदीच्या दिवसांत पोलीस-कोर्ट कशाला?" असे आमच्या घरातूनच विचारले गेले.

कारण सांगतो. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कबुतरांना दाणे टाकण्याबाबत पोलिसांत तक्रार करावी का, असा एक विषय आहे. त्यावर जिन्यात, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर बरीच गरमागरमी चालू आहे. सभेत हात वर करण्याआधी कायदा काय म्हणतो, तो का झाला आणि तो वापरून आजवर काय साधले, काय बिघडले, हे आपल्याला ठाऊक असावे. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. साधा वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण परिपत्रके आणि कलमे बारकाईने वाचायची सवय नोकरीने लावली, ती अजून सुटलेली नाही.

आधी कलमे उरकून घेऊ. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २७१ व्या कलमात म्हटले आहे की जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे असे कृत्य कोणी निष्काळजीपणे केले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तेच कृत्य दुष्ट बुद्धीने केले तर कलम २७२ आणि दोन वर्षांपर्यंत कैद. विलगीकरणाचा, म्हणजे आपण ज्याला क्वारंटाइन म्हणतो त्याचा नियम जाणूनबुजून मोडला तर कलम २७३. ही कलमे नवी नाहीत हं. १८६० च्या दंड संहितेत तीच २६९, २७० आणि २७१ या क्रमांकांनी होती. नंबर बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला.

दुसरे महत्त्वाचे कलम जुन्या संहितेतले १८८, आताचे २२३. सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश माहीत असूनही तो न पाळणे, हा तो गुन्हा. आदेश मोडल्यामुळे माणसांच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका होत असेल तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. आता एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आकडे वाढले. पण आकडे वाढवून रोग हटतो का, हा आजचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला आपल्याच मुंबईत आणि पुण्यात जायचे आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि मुंबईत प्लेग आल्याचे सांगितले. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. जाता-येता आपण तो पाहतो, पण नाव वाचत नाही. प्लेग म्हटल्यावर सरकार हादरले. रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवायचे ठरले. परिणाम काय झाला? त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही पसरला. घरोघरी रोगी लपवले जाऊ लागले.

अशा वातावरणात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मूळ कायदा केवढा? अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला हवे ते उपाय करण्याचा अधिकार. तिसऱ्यात आदेश मोडणाऱ्याला कलम १८८ खाली शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण. रोग्याला औषध कोण देणार, त्याचे घर कोण चालवणार, त्याचा रोजगार बुडाला तर काय, यावर त्या कायद्यात एक ओळ नव्हती. मी बँकेतला माणूस. मला हा करारनामा फार एकतर्फी वाटतो. सगळे हक्क एका बाजूला, सगळ्या जबाबदाऱ्या दुसऱ्या बाजूला.

पुण्यात त्याची अंमलबजावणी रँडकडे आली. गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघर-स्वयंपाकघर काही पाहिले नाही, सामान रस्त्यावर फेकले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एका आरोग्याच्या कायद्यातून केवढे रामायण घडले पाहा!

पण त्याच वर्षी आणखीही काही माणसे प्लेगशी झुंजत होती, त्यांची आठवण ठेवली पाहिजे. लोकमान्यांनी सरकारच्या पद्धतीवर टीका केली, पण नुसती टीका केली नाही. पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवायला पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

आता तुलना करा. सोजिरांना पाहून लोक रोगी माळ्यावर लपवत होते. सावित्रीबाईंपासून कोणी रोगी लपवला असेल का? पुढे सरकारलाच सक्तीची पद्धत सैल करावी लागली. लोकांचा विश्वास नसेल तर शिक्षेच्या भीतीने रोग जात नाही, नुसता दिसेनासा होतो, आणि न दिसणारा रोग जास्त माणसे मारतो.

बँकेत हेच मी कर्जदारांच्या बाबतीत पाहिले. जो कर्जदार स्वतःहून शाखेत येऊन सांगतो, "साहेब, यंदा पाऊस नाही, हप्ता थकणार," त्याचे काहीतरी करता येते. मुदत वाढवून देता येते, हप्ते पाडून देता येतात. जो फोन उचलत नाही, घर बदलतो, तो स्वतः बुडतो आणि हमीदाराला घेऊन बुडतो. त्यामुळे शाखेचे दार असे ठेवावे लागते की अडचणीतला माणूस आत येईल. आरोग्याच्या कायद्याचेही तसेच आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे परकीय राजवटीतले. स्वतंत्र भारतातले उदाहरण घ्या, आपल्या शेजारच्या गोव्यातले. १९८९ साल. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीची बाधा आढळली. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशी तरतूद घातलेली होती की एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्याला वेगळे ठेवावे. झाले! पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला ठेवले. गुन्हा नाही, खटला नाही आणि बंदिवास मात्र ६४ दिवसांचा. तो आजार शेजारी बसल्याने, बोलल्याने पसरत नाही हे तोवर वैद्यकशास्त्राला ठाऊक झाले होते. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण त्या प्रकरणाने देशभर चर्चा झाली आणि कायद्यातली 'ठेवलेच पाहिजे' ही सक्ती बदलून 'ठेवता येईल' अशी करण्यात आली. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. जाण्याआधी त्याने एचआयव्हीबाधितांसाठी संस्था सुरू केली.

विचार करा, त्या ६४ दिवसांची बातमी वाचून गोव्यातले किती लोक स्वतःहून रक्त तपासायला गेले असतील?

आता कोविडकडे येऊ. ते तर आपण सगळ्यांनीच भोगले. मार्च २०२० मध्ये राज्याने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. २५ मार्चपासून केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदी लावली. कलम १८८ खाली राज्यभर गुन्ह्यांचा पाऊस पडला. कोणी विनाकारण हिंडत होते हे खरे. पण त्यात औषधाला निघालेले होते, भाजीची गाडी लावणारे होते, पायी गावाकडे निघालेले होते. पुढे या खटल्यांचे काय झाले? एक तर या कलमाखाली न्यायालय दखल घेते ती ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याच्या लेखी तक्रारीवरून. नुसत्या पोलिसांच्या एफआयआरवरून नाही. दुसरे, खटले एवढे की न्यायालयांना ते पेलवेनात. तिसरे, तरुण मुलांना नोकरीसाठी, पासपोर्टसाठी पोलिसांचा दाखला मिळेना. शेवटी २०२२ मध्ये राज्य सरकारनेच हे खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. मागेच घ्यायचे होते तर एवढे भरले कशाला, असे करदाता म्हणून माझ्या मनात आले.

आणि त्याच काळात आपल्या गेटवर काय झाले, हे इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्या एका रखवालदाराला ताप आला. पंपाच्या खोलीशेजारी राहायचा. दोन दिवस त्याने तापाची गोळी घेऊन ड्यूटी केली, कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी बी विंगमधल्या डॉक्टर मॅडमच्या लक्षात आले. त्याला विचारले, "अरे बाबा, सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "मॅडम, कंत्राटदार पगार कापेल, आणि लोक म्हणतात रोग दिला तर पोलीस केस होते." बघा, कलम २६९ त्या बिचाऱ्याने वाचले नव्हते, पण त्याची भीती त्याच्यापर्यंत बरोबर पोहोचली होती. शिक्षेच्या भीतीनेच तो गेटवर उभा राहिला आणि शंभर घरांची दूधपिशवी हाताळत राहिला.

त्या वेळच्या समितीने त्याच संध्याकाळी फलकावर तीन ओळी लावल्या. आजारी कर्मचाऱ्याचा पगार कापला जाणार नाही. जेवणाची सोय सोसायटी करेल. आजार सांगणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही. आठवड्याभरात आणखी तिघांनी पुढे येऊन लक्षणे सांगितली. दोन घरकाम करणाऱ्या बायका आणि एक सभासद. त्या तीन ओळींनी जे काम केले ते तीन पोलीस गेटवर बसवून झाले नसते.

याचा अर्थ शिक्षा नकोच, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर उद्या दुधात भेसळ करणारा मला हार घालायला येईल! प्रश्न शिक्षा हवी की नको असा नाही. शिक्षा कोणाला, हा आहे. आणि आनंदाची गोष्ट अशी की कायद्याची नजर हळूहळू योग्य दिशेला वळते आहे.

काही उदाहरणे देतो. कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही कायद्यातून काढून टाकण्यात आले. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आता बाधिताला कोंडता येत नाही. उलट नोकरीत, शाळेत, घर भाड्याने देताना त्याच्याशी भेदभाव करायला बंदी आहे आणि त्याच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉमिनिकच्या वेळी कायदा रोग्याला धरत होता. आज तो रोग्याला छळणाऱ्याला धरतो.

क्षयरोगाचे पाहा. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे क्षयाचा रुग्ण आढळल्यावर खासगी डॉक्टर, इस्पितळ किंवा औषध दुकानदाराने तो कळवला नाही, तर त्यांच्यावर कलम २६९ आणि २७० खाली कारवाई होऊ शकते. इथेही कायदा खोकणाऱ्या माणसाच्या मागे लागत नाही. ज्याचे कर्तव्य आहे त्याच्या मागे लागतो.

आणि खुद्द १८९७ च्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. साथीच्या काळात डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक यांच्यावर हिंसा केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे आणि एक ते पाच लाख. गुन्हा अजामीनपात्र. आता नीट ऐका, कारण हे गृहनिर्माण संस्थांना थेट लागू आहे. या दुरुस्तीत 'हिंसा' म्हणजे केवळ मारहाण नव्हे. आरोग्यसेवकाला राहणे किंवा काम करणे कठीण होईल असा छळही त्यात येतो. २०२० मध्ये काही ठिकाणी ड्यूटीवरून परतलेल्या परिचारिकांना गेटवर अडवले, डॉक्टरांना भाड्याची घरे सोडायला सांगितली. तसे करणारे अध्यक्ष-सचिव स्वतःला सोसायटीचे रक्षक समजत होते. उद्या पुन्हा साथ आली तर तसे वागणारा फौजदारी गुन्हेगार ठरू शकतो. हे समितीच्या प्रत्येक सदस्याने वहीत लिहून ठेवावे.

भेसळीबाबत तर कायदा कडकच आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली असुरक्षित अन्नामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख दंड. मला यात काही जास्त वाटत नाही. भेसळ करणारा आजारी नसतो, घाबरलेला नसतो, अडाणी नसतो. तो हिशेब करून विष विकतो. हिशेबी माणसाला हिशेबाचीच भाषा कळते.

याच्या उलट किरकोळ गुन्ह्यांसाठी तुरुंग नको, असाही एक प्रवाह आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या. बऱ्याच ठिकाणी कैदेऐवजी आर्थिक दंड आणला. आणि विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८६ व्या अहवालात साथरोग कायद्याचा सगळाच फेरविचार करावा, त्यातल्या उणिवा दूर कराव्यात, असे सुचवले आहे. थोडक्यात, १२८ वर्षांनीसुद्धा हा हिशेब पूर्ण जुळलेला नाही.

आता आपल्या आवारात येऊ. आधी डास, मग कबुतरे.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३८१ आहे. डासांची पैदास होईल अशी स्थिती आवारात ठेवली तर पालिका नोटीस देते, आणि न ऐकल्यास मामला न्यायालयात जाऊन दंड होतो. डेंग्यूचा डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरच्या ताडपत्रीतले पाणी ओतून कोरडे केले की काम झाले. टाकीचे झाकण घट्ट पाहिजे. ही नोटीस गच्चीच्या टाकीसाठी आली तर ती कोणा एका सभासदाच्या नावे येत नाही, सोसायटीच्या नावे येते, आणि उत्तर द्यायला आपले अध्यक्ष-सचिव उभे राहतात. ते बिनपगारी काम करतात, हे लक्षात ठेवून तरी बशी ओता!

कबुतरांचे प्रकरण नाजूक आहे. दाणे टाकण्यामागे भूतदया आहे, कोणाची धर्मश्रद्धा आहे. त्याची टिंगल करायची नाही. पण कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. त्या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ३० जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी मोडून कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करायला पालिकेला सांगितले आणि त्यासाठी न्याय संहितेच्या २७०, २७१ आणि २७२ या कलमांचा उल्लेख केला. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पालिकेचा जागेवरचा पाचशे रुपयांचा दंड तर आहेच.

आपल्याकडे एका विंगमध्ये एक आजी रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर वाटीभर ज्वारी टाकतात. यजमान गेल्यापासून तेवढाच त्यांचा सकाळचा नेम. त्याच विंगमध्ये वरच्या मजल्यावर आपल्या एका भगिनीला फुप्फुसाचा त्रास आहे. रात्री प्राणवायूचे यंत्र लावावे लागते, आणि डॉक्टरांनी कबुतरांपासून दूर राहायला सांगितले आहे. मी दोघींच्याही घरी जाऊन बोललो आणि हे इथे सांगण्याची दोघींनीही परवानगी दिली. आजी म्हणाल्या, "भाऊ, मला कुणाचा जीव घ्यायचा नाहीये. पण चार पोरांनी येऊन पोलिसांची धमकी दिली, मग मीही हट्टाला पेटले." वरच्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, "काका, आजींबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मला श्वास घ्यायचाय, आणि तो मी पुढच्या सभेपर्यंत थांबवू शकत नाही."

दोघींचे म्हणणे खरे आहे. पण दोन्ही गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. एकीचा नेम बदलता येतो, दुसरीचे फुप्फुस बदलता येत नाही. त्यामुळे दाणे बंद झालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न फक्त कसे बंद करायचे एवढाच.

इथे मला बँकेतला चेक आठवतो. चेक न वटणे हा १९८९ पासून फौजदारी गुन्हा आहे, कलम १३८, दोन वर्षांपर्यंत कैद. पण चेक परत आला की लगेच बेड्या पडत नाहीत. आधी लेखी नोटीस द्यावी लागते, पैसे भरायला पंधरा दिवस द्यावे लागतात. त्या पंधरा दिवसांत बहुतेक लोक पैसे आणून भरतात, असा माझा अनुभव. कलम मागे उभे असते म्हणून नोटिशीला वजन येते, आणि नोटीस आधी दिली जाते म्हणून कलमाला न्याय्यपणा येतो.

म्हणून माझ्या सूचना अशा.

एक. सोसायटीने स्वखर्चाने त्या विंगच्या डक्टला आणि खिडक्यांना जाळ्या लावाव्यात. साठलेली विष्ठा आधी पाण्याने भिजवून, मास्क लावूनच काढावी. कोरडी झाडली तर धूळ उडते आणि त्रास वाढतो.

दोन. आपल्या डॉक्टर मॅडमनी आजींच्या घरी जाऊन आजार समजावून सांगावा. चार तरुणांनी दारात उभे राहून नव्हे.

तीन. मग समितीने सहीनिशी लेखी सूचना द्यावी. मुदत पंधरा दिवस. त्यात पालिकेचा दंड आणि न्याय संहितेचे कलम, दोन्ही स्पष्ट लिहावे. धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

चार. त्यानंतरही दाणे पडले तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवावे, आणि त्यानेही भागले नाही तर पोलिसांत तक्रार करावी. समितीने स्वतःच्या नावाने करावी, निनावी नको. तेव्हा 'आजी एकट्या आहेत' म्हणून मागे हटू नये, कारण वरच्या ताईही त्या वेळी एकट्याच यंत्रापाशी बसलेल्या असतात.

पाच. सोसायटीने स्वतः न्यायाधीश होऊ नये. पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे, फलकावर फोटो लावणे, असले प्रकार बेकायदा आहेत. उपविधींत दंडाची तरतूद आहे, तिला रकमेची मर्यादा आहे. तो सर्वसाधारण सभेने ठरवायचा आणि सभासदाला म्हणणे मांडायची संधी देऊन लावायचा असतो. तेवढ्यातच राहावे.

सहा. फलकावरच्या २०२० च्या त्या तीन ओळी समितीने कायमचा ठराव म्हणून मंजूर कराव्यात. आजार सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, त्याची काळजी घेतली जाईल, त्याच्यावर कारवाई होणार नाही. पुढची साथ केव्हा येईल सांगता येत नाही. ती आल्यावर ठराव करायला वेळ नसतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा भिंती होत्या, शेजार नव्हता. तो आपण सणावारांतून आणि आजारपणांतून जमवला. फौजदारी कायदा हा घरातल्या अग्निशामक सिलिंडरसारखा आहे. तो भिंतीवर हवाच, त्याची तारीख उलटलेली नसावी, तो वापरायचा कसा हे प्रत्येकाला यायला हवे. पण गॅसची शेगडी नीट बंद करणे ही रोजची गोष्ट आहे आणि ती ज्याची त्यालाच करायची आहे.

येत्या सभेत प्रत्येकाने आपल्या बुद्धीला पटेल तसे मत द्यावे.  सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.